दवाखान्याचा प्रॉम्प्टर

दादाजी बोरकुटेने जन्मात स्वतःच्या नावावर एक टाळी घेतली नव्हती, पण झाडीपट्टीत पडलेल्या निम्म्या टाळ्या आपल्यामुळे पडल्या, याबद्दल त्याला तीळभर शंका नव्हती. वडशाच्या नाटक कंपन्यांत त्याने प्रॉम्प्टर म्हणून हंगामामागून हंगाम काढले होते. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी उलटली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट आज नागभीडला राजा, उद्या पोंभुर्ण्याला मास्तर, परवा आणखी कुठे दारुडा. बिचाऱ्याला पाठांतराला सवड कुठली? म्हणून पडद्याच्या आड एक माणूस पुस्तक घेऊन बसतो. वाक्य आधी तो म्हणतो, मग नट. रडायचं वाक्य आलं की आधी हा कोरड्या आवाजात सांगतो, मग तिकडे अश्रू वाहतात.

"माझ्याबिगर राजा मुका हाये," असं दादाजी तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळता चोळता सांगायचा. आणि ते खरं करून दाखवायची हौसही त्याला होती. एखाद्या हिरोने त्याला दिवसभरात खर्रा विचारला नाही, तर ऐन रंगात आलेल्या प्रसंगात दादाजी पान उलटायला उशीर करी. हिरो तलवार उगारून "प्रिये... प्रिये..." करत उभा, प्रियेला घाम, आणि दादाजी आड बसून शांतपणे चष्म्याची काच पुसतोय. दुसऱ्या दिवशी खर्रा न मागता यायचा.

असा हा माणूस येरमगुड्याच्या ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर कसा झाला, तर टायपिंग येत होतं आणि दुसरा अर्जदार परीक्षेच्या दिवशी लग्नाला गेला होता. पुढे सरकारने सगळे दवाखाने कागदाकडून कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं. प्रत्येक पेशंटची नोंद, तपासणी, औषध, सगळं एका सिस्टीममध्ये. त्यासाठी चंद्रपूरला प्रशिक्षण झालं. दादाजी जाऊन आला. तिथे काय शिकवलं ते त्याला नीट सांगता यायचं नाही, पण जेवणात गुलाबजाम होता. परत आला तो 'डिजिटल मार्गदर्शक' होऊन, गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र घालून. दवाखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टर-नर्सना सिस्टीम शिकवायची, हे त्याचं काम.

त्याची बायको भागीरथा ओळखपत्राकडे बघून म्हणाली, "पट्टा बांधला की बैल बी हुशार दिसते."

शिकवायला दोघं मिळाली. एक रीना मडावी. भामरागडकडच्या गावातली मुलगी, गडचिरोलीला नर्सिंग करून पहिल्याच नोकरीवर आलेली. दुसरा डॉक्टर आयुष देशमाने. तो सांगलीचा, सरकारी बाँडचं एक वर्ष संपवायला आलेला, आणि पहिल्या दिवसापासून ते संपायची वाट बघणारा.

दादाजीने शिकवायला सुरुवात केली ती त्याला येत होती तशीच. रीनाच्या खुर्चीच्या मागे स्टूल टाकला, बसला आणि सांगू लागला.

"रीनाबाई, वरच्या कोपऱ्यात हिरवं बटन. दाबा. आता नाव. आता वय. खाली या. आता बीपी. एकशेवीस-ऐंशी टाका. समोर चला."

"पण भाऊ, मी तर मोजलंच नाई अजून."

"मोजा ना. कोण नाई म्हणते? कागदावर खरं लिहा. इथी एकशेवीस-ऐंशी. नाईतर हे डब्बं समोर जात नाई."

यामागे एक इतिहास होता. अगदी सुरुवातीला दादाजीने एकटा असताना सरावासाठी त्या चौकटीत मनाला येईल तो मोठा आकडा टाकला होता. स्क्रीन एकदम लाल झाली, वर काहीतरी भराभर उमटलं, आणि यंत्र पुढे सरकेना. दादाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ वायर उपटली. त्या दिवसापासून त्याने ठरवलं की त्या गल्लीत जायचं नाही. नाटकातही अडचणीचा प्रवेश आला की तो दोन पानं एकदम उलटायचा. प्रेक्षकांना कुठे कळतं?

त्यामुळे येरमगुड्याच्या दवाखान्यात ज्याचं नाव त्या मशीनमध्ये गेलं त्याचं रक्त शांत झालं. म्हातारे, गरोदर बायका, झाडावरून पडलेले, दारू पिऊन भांडलेले, सगळे एकशेवीस-ऐंशी. ही आकडेवारी वर जिल्ह्याला गेली. तिथून एका सादरीकरणात 'रक्तदाबमुक्त तालुका' म्हणून येरमगुड्याचं नाव मोठ्या पडद्यावर झळकलं. टाळ्या पडल्या. दादाजीपर्यंत बातमी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आपल्याच हातानं झालं बाप्पा."

डॉक्टर आयुषने एकदा विरोध करून पाहिला. "दादाजी, पण डेटा चुकीचा जातोय ना?"

"सर, तुमी पेशंट सांभाळा. मशीनले मी सांभाळतो."

आयुष परत पुस्तकाकडे वळला. त्याला पीजीच्या परीक्षेचे प्रश्न सोडवायचे होते, आणि मागून कोणीतरी सांगतंय म्हटल्यावर हात मोकळा राहतो, डोकंही. "आता औषध. पॅरासिटामॉल. दाबा. आता सही." डॉक्टर दाबायचा. पासवर्डसुद्धा दोघांचे दादाजीच्याच डोक्यात होते. सकाळी आला की तो दोन्ही मशीन उघडून द्यायचा. देवळाचं कुलूप उघडावं तशी मान किंचित वाकवून.

रीनाला मात्र हे खुपत होतं. ती कागदावर खरे आकडे लिहायची, मशीनवर दादाजीचे. एकदा तिने विचारलं, "भाऊ, तुमी नसले त मी काय करू?"

"म्हणून तर मी असतो," दादाजी म्हणाला. यापेक्षा चांगलं उत्तर त्याला सुचलं नसतं. ते त्याचं जगण्याचं तत्त्वज्ञानच होतं.

पावसाळा तोंडावर आला आणि ऑफिसमधले मोठे बाबू वामनराव एक दिवस स्टुलाजवळ येऊन उभे राहिले. वामनरावांना वाईट बातमी सांगताना फार बरं वाटायचं.

"दादाजी, तुया गेम झाला बे."

"काऊन? काय झालं?"

"जिल्ह्याच्या निशा मॅडम येऊन राह्यल्या तपासायले. नवीन स्टाफ एकटा सिस्टीम चालवते का नाई, ते पाहणार. मार्गदर्शक खोलीत नाई पायजे, असा हुकूम हाये."

"पाहू दे. माझा स्टाफ पक्का हाये."

"पक्का असन तर तुयी इथी गरज काय? जिथं नवीन स्टाफ हाये तिथी पाठवतील. भामरागडले जागा खाली हाये. पुलावर पाणी चढलं का जग तिकडं, तू इकडं."

दादाजीने विचारलं, "आणि पक्का नसन तर?"

"तर मार्गदर्शक फोकनाड, बिनकामाचा. कंत्राट बंद." वामनराव खुशीत हसले. "आता तूच सांग, कोणतं पायजे?"

दादाजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. येरमगुड्यात त्याचं घर होतं. बांधीत धान होता. वडशाला कंपन्यांमध्ये आता पोरं मोबाईल घेऊन प्रॉम्प्टिंग करत होती, त्यामुळे मागचा दरवाजा बंद झाला होता. पुढचे दरवाजे दोन, आणि एकातून भामरागड तर दुसऱ्यातून बिनपगारी घरी बसणं. भागीरथाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शिकली तरी मरण, नाई शिकली तरी मरण."

"मंग अर्धं शिकव," भागीरथा भाकर थापता थापता बोलून गेली.

तिने टोमणा मारला होता. दादाजीने तो योजना म्हणून घेतला.

योजना अशी की मॅडमसमोर पहिले एक-दोन पेशंट सफाईने जाऊ द्यायचे. मॅडम खूश. मग एका पेशंटला रीना अडली पाहिजे. जास्त नाही, थोडी. घाम फुटेल एवढी. तेवढ्यात आपण सहज जाता जाता डोकवायचं, एक बटण दाबायचं आणि गाडी चालू. मॅडम लिहितील : स्टाफ चांगला, परंतु मार्गदर्शकाची आवश्यकता कायम. राजाला किती अडवायचं आणि कधी सोडवायचं, हे दादाजीइतकं झाडीपट्टीत कोणाला कळत होतं?

आता खोलीत तर असायचं नाही, पण सांगायचं तर आहे. तपासणीच्या खोलीत पेशंटला तपासायच्या खाटेभोवती हिरवा पडदा होता. खाट रीनाच्या टेबलाला लागून. दादाजीने सकाळी दोन्ही मशीन उघडली, पडद्याआड खाटेवर मांडी घातली, फटीतून स्क्रीन दिसतेय का पाहिलं, आणि त्याला एकदम फार बरं वाटलं. किती दिवसांनी पडदा मिळाला होता!

रीनाने पाहिलं. "भाऊ, हे काय?"

"चूप. तू फक्त बोलत... म्हणजे दाबत जा."

निशा मॅडम आल्या. हातात टॅबलेट, पायात चिखल, चेहऱ्यावर तीन दवाखाने आधीच पाहून आल्याचा कंटाळा. त्यांच्या मागे वामनराव, बिस्किटांची बशी घेऊन. मॅडम खुर्चीत बसल्या. "करा सुरू. मी नाही असं समजा."

पहिला पेशंट खोकल्याचा म्हातारा. पडद्यामागून घरंगळत आलेला पुसटसा आवाज : "हिरवं... नाव... वय... एकशेवीस-ऐंशी... समोर." रीनाची बोटं चालली. शेजारच्या टेबलावर आयुषने औषध लिहिलं. तिथेही आवाज पोचत होता, मॅडमपर्यंत मात्र नाही, कारण दादाजीने दहा हजार माणसांच्या मंडपात फक्त नटालाच ऐकू जाईल असं बोलण्यात उमर घालवली होती. मॅडमनी मान हलवली. दुसरा पेशंट, पायाला काटा लागलेला. तोही गेला. मॅडमनी बिस्किट घेतलं.

दादाजीने मनात म्हटलं, आता. पुढच्याला थांबायचं. त्याने चष्मा काढून काच पुसायला घेतली.

पुढची आली ती बुधरी. जंगलातल्या पाड्यावरची, आठवा महिना भरत आलेला. नवरा बिरजू तिला दंडाला धरून आणत होता. तिचे पाय सुजून घट्ट झाले होते आणि ती एका हाताने कपाळ दाबत होती. रीनाने गोंडीत विचारलं, तिनेही गोंडीतच हळू सांगितलं. मग रीना मराठीत मॅडमकडे वळून म्हणाली, "डोकं लगित दुखते म्हणते. डोळ्यासमोर चमकते."

तिने बीपीचा पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. तिचा चेहरा बदलला.

पडद्याच्या फटीतून दादाजीने रीनाच्या कागदावरचा आकडा पाहिला. एकशे सत्तर, खाली एकशे दहा. त्या आकड्यामागचा आजार त्याला कळला नाही, पण एक गोष्ट कळली : हा आकडा मशीनमध्ये गेला तर स्क्रीन लाल होईल. आणि लाल झाल्यावर पुढे काय, हे दादाजीलाच माहीत नव्हतं. अडलेल्या राजाला सोडवायला आपण बाहेर जायचं, आणि आपल्याच हातातलं पान कोरं! सगळी योजना बाजूला टाकून तो घाईने कुजबुजला, "एकशेवीस-ऐंशी."

रीनाची बोटं थांबली.

"एकशेवीस-ऐंशी टाक! समोर चल!"

रीनाने मान वळवली आणि पडद्याकडे बघून, मॅडमसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "दादाजीभाऊ, हे बाईचं बीपी हाये का तुमचं?"

वामनरावांच्या हातातली बशी तिरकी झाली.

रीनाने एकशे सत्तर टाकलं. एकशे दहा टाकलं. स्क्रीन लाल झाली.

आतापर्यंत ही वेळ कधी आली नव्हती. मागून काही येईल म्हणून सवयीने तिचे कान क्षणभर तिकडे लागले. पडदा मुका होता. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनवर जे लिहिलं होतं ते वाचायला लागली. साध्या मराठीत लिहिलं होतं. डोकेदुखी आहे का? हो. नजर अंधूक? हो. लघवी तपासा. डॉक्टरांना ताबडतोब बोलवा.

"सर, या इकडं!"

आयुष उठला. आज पहिल्यांदाच दादाजीच्या आवाजावाचून उठला, म्हणून थोडा धडपडला. पण बुधरीचे पाय पाहिले, कागदावरचा आकडा पाहिला, आणि परीक्षेच्या प्रश्नांतून जे त्याच्या डोक्यात साठलं होतं ते अचानक खऱ्या बाईच्या समोर उभं राहिलं. "झटके येऊ शकतात. मॅग्नेशियमचं इंजेक्शन काढा. बीपीचंही. अँब्युलन्स लावा, जिल्ह्याला न्यायचं."

स्क्रीनवर खाली एक बटण होतं : पुढच्या रुग्णालयाला कळवा. रीनाने दाबलं. इतके दिवस ते बटण तिथेच होतं. दादाजीने कोणाचं बोट तिथवर पोचूच दिलं नव्हतं.

इंजेक्शन द्यायला बुधरीला आडवं करायचं तर खाट लागली, आणि बिरजूनेच पडदा सरकवला. खाटेवर मांडी घालून, एका हातात चष्मा आणि एका हातात रुमाल घेतलेला दादाजी बसला होता. बिरजूने त्याला बिचकून नमस्कार केला. त्याला वाटलं, हाही कोणी पेशंट असेल.

अँब्युलन्स गेली. आयुष सोबत गेला. मग निशा मॅडम दादाजीकडे वळल्या.

"तुम्ही कोण?"

"मी... मार्गदर्शक जी."

"पडद्यामागून मार्गदर्शन?"

"आमच्याकडं पद्धतच हाये जी तशी," दादाजी म्हणाला. ते खोटं नव्हतं.

मॅडमनी टॅबलेटवर जुन्या नोंदी उघडल्या. एकशेवीस-ऐंशी. एकशेवीस-ऐंशी. बोट वर सरकत गेलं, आकडा बदलेना. मॅडमच्या कपाळावर जे आलं त्याला आठ्या म्हणावं की घाम, हे वामनरावांना नंतरही ठरवता आलं नाही. कारण 'रक्तदाबमुक्त तालुका' ही पाटी ज्या सादरीकरणात झळकली होती, ते मॅडमनीच केलं होतं.

"हे बदमाशीचं काम आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कळतंय तुम्हाला? त्या बाईला घरी पाठवलं असतं तर?"

दादाजीने सवयीने वामनरावांकडे पाहिलं. वामनरावांनी बिस्किटांकडे पाहिलं.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. वरचे साहेब होते. जिल्ह्याच्या पडद्यावर येरमगुड्याहून पहिलाच लाल इशारा आला होता, पुढच्या रुग्णालयात खाट तयार झाली होती, सिस्टीम चालते हे आज सिद्ध झालं होतं. मॅडम उठून व्हरांड्यात गेल्या. आतून एवढंच ऐकू आलं : "हो सर... हो, स्टाफ पूर्ण प्रशिक्षित आहे सर... मार्गदर्शकाचंच श्रेय म्हणायचं."

परत आल्या तेव्हा त्यांनी दादाजीकडे पाहिलं नाही. खरं लिहिलं तर आधी स्वतःची पाटी उतरवावी लागत होती. म्हणून त्यांनी लिहिलं, की येथील प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण झाले असून मार्गदर्शकाची सेवा भामरागड येथे वर्ग करावी. जाताना रीनाला मात्र म्हणाल्या, "मागच्या सगळ्या कागदांवरचे खरे आकडे भरून टाका. गाजावाजा नको." आणि रीनाने विचारलं, "कोणाच्या नावानं भरू मॅडम?" तेव्हा त्या गाडीत बसल्या होत्या.

बुधरी वाचली. मूल लवकर काढावं लागलं, हातात मावेल एवढं होतं, काचेच्या पेटीत ठेवलं, पण रडलं. येरमगुड्यात ही बातमी आली त्या दिवशी दादाजी पासवर्ड सांगायला रीनाजवळ आला होता. त्याने दोन्ही सांगितले. सांगताना दागिने उतरवून दिल्यासारखं तोंड झालं होतं.

"आता तुले कोण सांगन?" त्याने विचारलं.

"समोर लिहिलं असते भाऊ."

"तरी बी."

"तुमी भामरागडले माझ्या मावशीकडं राहा. घर उंचावर हाये. पाणी येत नाई तिथपर्यंत." रीना हसली. "आणि तिले बीपी हाये. एकशेवीस-ऐंशी नोका लिहू."

भामरागडला दादाजी पोचला आणि आठवडाभरात पूल पाण्याखाली गेला. तिथे दोन नव्या नर्सा होत्या. पहिल्या दिवशी त्याने त्यांना येरमगुड्याची हकीकत सांगितली : एक बाई कशी मरता मरता वाचली, स्क्रीन कशी लाल झाली, नर्स कशी घाबरली नाही. "माझीच शिकवलेली," तो म्हणाला. "मी तिथीच होतो. अगदी मागं." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी रीनाची मावशीच आली, तपासून घ्यायला. मोठी नर्स आकडा टाकू लागली. दादाजीच्या ओठांवर एकशेवीस आलं होतं. त्याने ते खर्र्यासारखं गालात दाबून धरलं. स्क्रीन लाल झाली.

"आता काय करू भाऊ?"

मागे भिंत होती. भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचून उमर काढलेल्या माणसाने नाकावर चष्मा चढवला, नर्सला जरा सरकायला सांगितलं, आणि स्क्रीनवरची पहिली ओळ वाचू लागला. आवाज नेहमीसारखा कुजबुजीचाच निघाला. मावशी म्हणाली, "मोठ्यानं वाच ना गा, मले बी ऐकू दे."